१९५२ शिकवायचा दिवस

पहाटे साडेपाच

एप्रिलमध्ये कलबुर्गीत डोक्याचं काम उन्हाच्या आधी उरकावं लागतं. नऊनंतर शहाबादी फरशीसुद्धा तळपायाला गरम लागते. म्हणून टिपणं आत्ताच काढतो. आज पदव्युत्तर वर्गावर लागोपाठ दोन तास आहेत आणि दोन्ही अमेरिकेच्या इतिहासाचे : दुसरं महायुद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंत. पहिल्या तासाला संप आणि कामगार कायदे, दुसऱ्याला बाहेरून येणाऱ्या माणसांबद्दलचे कायदे.

अभ्यासक्रमात ही दोन प्रकरणं वेगवेगळ्या घटकांत टाकली आहेत. मी ती मुद्दाम एकाच दिवशी घेतो. काम कोणी थांबवू शकतं आणि कामावर कोण येऊ शकतं, हे त्या वर्षांत एकाच संसदेत बसलेली तीच माणसं ठरवत होती. आणि ज्या कलबुर्गीत, म्हणजे जुन्या गुलबर्ग्यात, मी हे शिकवतो, तिथेही त्याच वर्षांत हेच दोन प्रश्न लोकांच्या दाराशी आले होते. माझ्या विद्यार्थ्यांना हे कळल्याशिवाय अमेरिकेचा इतिहास त्यांच्या लेखी परीक्षेपुरताच उरेल.

घरात मराठी, वर्गात कन्नड, पुस्तकं इंग्रजी. त्यामुळे टिपणात वाक्यं लिहीत नाही. नावं, तारखा आणि मतांचे आकडे तेवढे लिहितो. बाकीचं तिथे उभं राहिल्यावर त्या त्या भाषेत येतं.

पावणेआठ

भाकरी आणि तुरीचं वरण खाऊन निघालो. वाट एमएसके मिलच्या बाजूने जाते. महबूब शाही कुलबर्गा मिल हे तिचं पूर्ण नाव, सहावे निजाम महबूब अली खान यांच्या नावावरून पडलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची ही कापडगिरणी. नांदेडची उस्मानशाही आणि वरंगळची आझमजाही तिच्या नंतरच्या. आज गिरणी बंद आहे, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मिलचंच नाव घ्यावं लागतं.

कोपऱ्यावरच्या घरातले काका ओट्यावर बसले होते. त्यांचे वडील या गिरणीत सूत कातायच्या खात्यात बदली कामगार होते.

"काय सर, आज कोणता धडा?"

"अमेरिकेतले संप, काका."

"तिकडंबी संप व्हायचे?"

"शेहेचाळीस लाख माणसं संपावर होती, एका वर्षात."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमचे बाबा सांगायचे, भोंगा झाल्यावर फाटकाशी उभं राहायचं. मुकादमानं हात केला तर काम, नाही तर घरी. बदलीवाल्यानं संप कशाचा करायचा? त्याला तर रोजच काम नव्हतं."

हे मी वर्गात सांगणार आहे. संपाचा हक्क ज्याच्या हातात नोकरी आहे त्यालाच वापरता येतो, हे कामगार कायद्यावरच्या जाड पुस्तकात इतक्या सरळ शब्दांत मला सापडलेलं नाही.

याच गिरणीच्या कामगार संघटनेचे कायदेशीर सल्लागार म्हणून १९६९ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे काम पाहू लागले. ते मूळचे बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यातल्या वरवट्टीचे. १९४८ च्या रझाकारी जाळपोळीत त्यांची आई गेली, कुटुंब गुलबर्ग्याला आलं आणि ते इथल्या नूतन विद्यालयात शिकले. घर सोडून येणं आणि गिरणीचा तंटा, या दोन्ही गोष्टी या शहरात एकाच माणसाच्या आयुष्यात अशा शेजारी शेजारी सापडतात.

साडेनऊ

हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवून वर जातो तोच जिन्यात आळंद तालुक्यातला एक विद्यार्थी भेटला. घरचा मराठी, त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलतो.

"सर, दुसरा तास बुडंल. कचेरीत जायचंय, तीनशे एकाहत्तर जे चं सर्टिफिकेट."

"पहिला तास कर आणि जा. दुसऱ्याची टिपणं माझ्याकडून घे."

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (जे) आलं. निजामाच्या राज्यातून कर्नाटकात आलेल्या या भागातल्या लोकांना इथल्या सरकारी नोकऱ्यांत आणि कॉलेजांच्या जागांत राखीव वाटा मिळाला. त्यासाठी आपण 'इथले' असल्याचा दाखला लागतो : जन्म इथला, किंवा १ जानेवारी २०१३ च्या आधी दहा वर्षांचं वास्तव्य. या भागाच्या मागासलेपणावर हा उपाय हवाच होता, असं माझं ठाम मत आहे. पण माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला विसाव्या वर्षी कचेरीच्या खिडकीशी उभं राहून आपण कुठले हे सिद्ध करावं लागतं. म्हणून १९५२ त्यांना लवकर समजतं.

दहा

तास भरला. फळ्यावर फक्त तीन सालं लिहिली : १९४५, १९४६, १९४७.

युद्धात अमेरिकन कामगारांनी पगारवाढीवरची मर्यादा मान्य केली होती. युद्ध संपताच जादा तासांची कमाई गेली आणि भाव वर गेले. नोव्हेंबर १९४५ मध्ये जनरल मोटर्सचे कामगार संपावर गेले, ते ११३ दिवस. त्यांचे नेते वॉल्टर रूथर यांची मागणी मी दोनदा सांगतो : पगार ३० टक्क्यांनी वाढवा, पण मोटारीची किंमत वाढवू नका, परवडत नसेल तर हिशेबाच्या वह्या उघडून दाखवा. कामगाराने मालकाच्या नफ्याचा हिशेब मागितला, आणि तोही गिऱ्हाईकाच्या बाजूने. वह्या काही उघडल्या नाहीत. ३० टक्क्यांच्या जागी तासाला साडेअठरा सेंट मिळाले.

जानेवारी १९४६ मध्ये पोलादाचे साडेसात लाख कामगार बाहेर पडले, मग कोळसा, मग रेल्वे. मे महिन्यात अध्यक्ष ट्रूमन यांनी संपकरी रेल्वे कामगारांना सरळ सैन्यात भरती करण्याचा अधिकार संसदेकडे मागितला. भाषण चालू असतानाच संप मिटल्याची चिठ्ठी त्यांच्या हातात आली. तरी कनिष्ठ सभागृहाने विधेयक त्याच दिवशी मंजूर केलं. ते अडलं वरिष्ठ सभागृहात, आणि अडवणाऱ्यांत रॉबर्ट टाफ्ट होते. हेच टाफ्ट पुढच्या वर्षी कामगार संघटनांना वेसण घालणाऱ्या कायद्याचे जनक झाले. माणूस एका बाजूचा आहे असं ठरवून टाकलं की हा दुवा हातून निसटतो, म्हणून मी तो ठासून सांगतो.

टाफ्ट-हार्टली कायदा. ट्रूमन यांनी २० जून १९४७ ला नकाराधिकार वापरला. कनिष्ठ सभागृहाने तो त्याच दिवशी ३३१ विरुद्ध ८३ मतांनी फेटाळला, वरिष्ठ सभागृहाने २३ जूनला ६८ विरुद्ध २५ मतांनी. राष्ट्रीय संकटाच्या नावाखाली संप ८० दिवस थांबवण्याची सोय झाली, दुसऱ्या कारखान्यातल्या कामगारांसाठी बहिष्कार टाकण्यावर बंदी आली, आणि संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी आपण कम्युनिस्ट नाही असं शपथपत्र देणं आलं. नकाराधिकार वापरणाऱ्या ट्रूमन यांनीच पुढे संप थांबवायला हा कायदा अनेकदा वापरला.

तिसऱ्या बाकावरून प्रश्न आला. चिंचोळी तालुक्यातल्या एका लंबाणी तांड्यावरची मुलगी आहे, बोलते कमी.

"सर, ट्रूमनच्याच पक्षाची माणसं त्याच्या विरोधात का गेली?"

यासाठीच मी सकाळी साडेपाचला उठतो. उत्तर दक्षिणेत आहे. दक्षिणेतले डेमोक्रॅट खासदार कापसाच्या आणि तंबाखूच्या प्रदेशातून निवडून येत. १९४६ मध्ये औद्योगिक संघटनांच्या महासंघाने दक्षिणेतल्या गिरण्यांत काळ्या-गोऱ्या कामगारांना एकत्र बांधायची मोहीम काढली होती. ती मोडणं त्यांना पक्षापेक्षा महत्त्वाचं होतं. त्याआधी १९३५ मध्ये संघटनेचा हक्क देणारा वॅग्नर कायदा झाला, तेव्हाच शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले होते. दक्षिणेत ही कामं बहुतेक काळी माणसं करत.

"म्हणजे आमच्यासारख्यांना तो कायदा नव्हताच," ती म्हणाली.

मी फळ्यावर लिहिलं : शेतमजूर, १९३५. हा धागा सुटता कामा नये.

आपला औद्योगिक विवाद कायदा १ एप्रिल १९४७ ला अमलात आला, टाफ्ट-हार्टलीच्या तीनच महिने आधी. तंटा लवादापुढे असताना संप बेकायदा, लोकोपयोगी सेवांत आधी नोटीस. दोन टोकांच्या देशांतलं सरकार एकाच उन्हाळ्यात एकच काम करत होतं. गुलबर्गा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. इथे भारताचा कायदा यायला अजून अवकाश होता.

सव्वाअकरा

दुसरा तास. पहिला आकडा १००. लूस-सेलर कायद्याने २ जुलै १९४६ ला वर्षाला १०० भारतीयांना अमेरिकेत येऊन राहण्याची आणि तिथे असलेल्यांना नागरिक होण्याची मुभा दिली. त्याआधी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित. त्यांचं स्वतःचं नागरिकत्वही काढून घ्यायचा दावा सरकारने लावला. ते लढले आणि जिंकले. मुलांना थिंड माहीत असतात, पंडित माहीत नसतात. म्हणून मी त्यांचं नाव दर वर्षी घेतो.

मग १९५२. मॅक्कॅरन-वॉल्टर कायद्याने नागरिकत्वासाठी वंशाची अट काढली, पण देशवार वाटे तसेच ठेवले : ब्रिटनला सुमारे ६५ हजार, भारताला १००. आशियाई वंशाचा माणूस जगात कुठेही जन्मला तरी आशियाच्याच वाट्यात मोजायचा. ट्रूमन यांनी २५ जूनला पुन्हा नकार दिला, आणि दोनच दिवसांत तो पुन्हा फेटाळला गेला. कनिष्ठ सभागृहात २७८ विरुद्ध ११३.

इथे मी हॅरी ब्रिजेस आणतो. ऑस्ट्रेलियात जन्मलेला खलाशी, पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचा नेता, १९३४ च्या मोठ्या संपातला. त्याला देशाबाहेर काढण्यासाठी सरकारने वर्षानुवर्षं खटले चालवले. १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारी रद्द केली, तो नागरिक झाला. मग नागरिक होताना खोटं बोललास म्हणून १९४९ मध्ये नवा खटला, तोही १९५३ मध्ये कोसळला. संप मोडायचा तर संपकऱ्याचा देश विचारायचा. कामगार कायदा आणि परदेशी माणसांचा कायदा यांतली भिंत किती पातळ होती, हे या एका माणसाच्या खटल्यांवरून दिसतं.

आणि सगळ्यात शेवटी ब्रासेरो, कारण त्यावर मला वेळ हवा असतो. १९४२ पासून १९६४ पर्यंत मेक्सिकोतून कराराने शेतमजूर आणले गेले. एकूण करार ४६ लाखांच्या आसपास. करारात राहायची जागा होती, प्रवासखर्च होता, ठरलेली मजुरी होती. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के बचत म्हणून कापून घेत, गावी परतल्यावर मिळतील म्हणून. अनेकांना ते कधीच मिळाले नाहीत. टेक्सासमध्ये मेक्सिकन माणसांना मिळणारी वागणूक पाहून मेक्सिको सरकारने सुरुवातीला तिथे मजूर धाडायलाच नकार दिला, तेव्हा तिथल्या शेतमालकांनी कागदांशिवाय आलेल्यांना कामावर घेतलं. १९५२ च्या कायद्याने अशा माणसाला आसरा देणं गुन्हा ठरवलं. पण त्याला कामावर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे, असं एक वाक्य त्याच कायद्यात घातलं. मालक सुटला, मजूर अडकला. दोन वर्षांनी, १९५४ च्या उन्हाळ्यात, त्या मजुरांना पकडून सीमेपार सोडण्याची मोठी मोहीम सरकारने काढली.

वर्ग शांत होता. घंटा झाल्यावरही दोघी-तिघी टिपणं पुरी करत बसल्या होत्या.

एक

डबा. सहकाऱ्यांत निवडणुकीच्या कामाची चर्चा. मी लवकर उठलो.

दोन

शोधनिबंधाचं मार्गदर्शन. विद्यार्थी उर्दूभाषक, विषय हैदराबाद राज्यातलं १९५२ चं मुलकी आंदोलन. आमचं बोलणं दखनी, कन्नड आणि मराठी यांच्यात फिरतं आणि दोघांनाही त्यात काही अडत नाही.

मुलकी म्हणजे निजामाच्या राज्यातला रहिवासी. १९१९ पासूनच्या नियमांनी सरकारी नोकरी मुलकीलाच मिळायची. बाहेरच्याने १५ वर्षं राहून परत न जाण्याचं लेखी दिलं तर तो मुलकी व्हायचा. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणि कारकून आले. बाहेरचे लोक खोटे दाखले करून नोकऱ्या घेतात ही तक्रार वाढत गेली. १९५२ च्या पावसाळ्यात वरंगळमधून विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, 'गैरमुलकी गो बॅक' ही घोषणा झाली, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला हैदराबादेत गोळीबार होऊन माणसं मेली. मुख्यमंत्री बुर्गुला रामकृष्ण राव यांना येऊन सहा महिने झाले होते.

"सर, हे अमेरिकेशी जोडायचं का निबंधात?"

"जोडू नको. शेजारी ठेव. जून १९५२ मध्ये वॉशिंग्टन, सप्टेंबरमध्ये हैदराबाद, ऑक्टोबरमध्ये भारत-पाकिस्तानच्या मधली पासपोर्टची पद्धत. कोणी कोणाचं पाहून केलं असं म्हणायला आपल्याकडे पुरावा नाही. पण तिन्ही ठिकाणी सरकार एकच कागद मागतंय."

त्याच्या घराण्यातला एक भाऊ कराचीला गेलेला. १९४८ च्या जुलैपासून परवान्याशिवाय परत येता येत नव्हतं. हे तो मला आधी कधी बोलला नव्हता. मी त्याला प्रस्तावनेत ते लिहायचं की नाही हे स्वतः ठरवायला सांगितलं.

मग मी त्याला स्वामी रामानंद तीर्थ पाहायला सांगितले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. दर १७ सप्टेंबरला भाषणांत नाव येतं. पण संन्यास घेण्याआधीचे व्यंकटेश खेडगीकर ना. म. जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत होते. जन्म सिंदगीचा, घराणं याच जिल्ह्यातलं, आयुष्यातलं काम मराठीत आणि मराठवाड्यात. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते लोकसभेवर गेले ते गुलबर्ग्यातून. त्या वर्षी ते कोणत्या प्रदेशाचे, हे विचारायची गरज इथल्या मतदाराला वाटली नाही. चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यच वाटलं गेलं. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात गेली. सोयरिकी तशाच राहिल्या, दाखले मात्र वेगळ्या कचेऱ्यांतून निघू लागले.

चार

बैठक. अंतर्गत गुणांच्या याद्या. वाचून सह्या केल्या.

सहा

भाच्याला गाडीत बसवायला स्टेशनवर गेलो. संध्याकाळी सोलापूर-पुणे-मुंबईकडच्या गाड्यांना फलाटावर कामावर निघालेल्या माणसांची गर्दी असते : पोती, बादल्या, घमेली, कडेवर पोरं. तांड्यांवरची आणि कोरडवाहू गावांतली माणसं, पुण्याच्या बांधकामांवर निघालेली. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतायचं नसतं. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला होता. ठेकेदाराला परवाना, कामगाराला नोंदपुस्तक, निम्म्या महिन्याच्या पगाराइतका विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च. ब्रासेरोच्या करारापेक्षा तो फार कमी नव्हता. पण ते नोंदपुस्तक कोणाच्या पोत्यात मी अजून पाहिलेलं नाही.

मे २०२० मध्ये याच माणसांना पहिल्यांदाच सीमा दिसली. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकाने काही काळ प्रवेशच बंद केला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला, बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यावर, बाहेरच्या राज्यांतल्या मजुरांना गावी नेणाऱ्या गाड्याही सरकारने रद्द केल्या होत्या. गदारोळ झाल्यावर पुन्हा सोडल्या. एका हाताने यायला बंदी, दुसऱ्याने जायला. रेल्वे कामगारांना सैन्यात घालू म्हणणाऱ्या १९४६ च्या भाषणाची मला तेव्हा रोज आठवण येत होती, आणि वर्ग बंद असल्यामुळे ती सांगायला समोर कोणी नव्हतं. आता सांगतो. हे अभ्यासक्रमात नाही, तरीही.

रात्री नऊ

वीज गेली होती, आता आली. उद्याच्या तासाचं टिपण : वॅग्नर कायद्याबाहेर राहिलेले शेतमजूर, १९६४ मध्ये ब्रासेरोचा शेवट, १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांवरचा संप. फिलिपिनो मजुरांनी तो सुरू केला, सेझार चावेझ यांची संघटना नंतर सामील झाली. आधी कराराचे मजूर आणायचा रस्ता बंद झाला, मग संपाला जोर आला. हा क्रम उद्या फळ्यावर तारखांनिशी मांडायचा.

अंतर्गत परीक्षेसाठी एक लहान काम दिलं आहे : घरातल्या किंवा गावातल्या एका माणसाने कामासाठी गाव सोडलं तेव्हा कोणता कागद त्याच्याजवळ होता, ते शोधून दोन पानं लिहा. चिंचोळीच्या मुलीचा फोन आला.

"सर, बाबा पुण्याला सतरा वर्षं गेले. मी सगळी पेटी पाहिली. आधार कार्ड सोडून कसलाच कागद नाही. मुकादमानं उचल वहीत लिहिली, ती वही त्याच्याकडं. मग मी काय लिहू?"

"बाबा घरी आहेत का?"

"हाव, आत्ता जेवतायत."

"जेवण झालं की विचार. कोणत्या साली कुठल्या साइटवर, उचल किती, फिटली कधी, मुकादम कोणत्या गावचा. ते सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत लिहून घे, वर आजची तारीख घाल. मुकादमाच्या वहीचं पान पाहायला मिळतं का तेही विचार. नाही म्हणाला तर नाही म्हणाला असं लिही."

"लंबाणीत लिहिलं तर चालंल?"

"चालेल. खाली कन्नडमध्ये अर्थ दे."